साक्षीदाराला काही माहीत नसतं

नव्या आवृत्तीचं टिपण मी स्वयंपाकघरात वाचलं.
बटाटे उकळत होते, खिडकीबाहेर थोर्सहावनचं बंदर
धुक्यानं अर्धं पुसलेलं.
कलम सात: दोन सर्व्हरच्या जोडीला आता
तिसरा साक्षीदार देता येईल.
कलम नऊ: ज्याच्या अंगावर जास्त काम,
त्याला बंद पाडण्याआधी थोडी सवलत.
कलम बारा: यंत्र बाजूला ठेवताना
कारण लिहायला एक ओळ.
खाली दुरुस्त केलेल्या चुकांची यादी,
हिशेबवहीसारखी, कुणाचीही माफी न मागणारी.

आमची यंत्रं दोन. एक माझ्या पायाखालच्या तळघरात,
दुसरं क्लाक्सविकला, होग्नीकडे.
मधल्या तारेतून दर सेकंदाला विचारणा:
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.
नऊ वर्षं एवढंच. पुष्कळ संसारांत
एवढंही विचारलं जात नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी तार तुटली, तेव्हा
दोघांनी एकमेकांना मेलेलं धरलं
आणि दोघंही मालक झाले.
म्हातारा हानुस इकडे वॉर्ड तीनमध्ये भरती,
तिकडे त्याला घरी सोडून दोन दिवस झालेले.
त्याची मुलगी बिर्ना ओल्या कोटात काउंटरपाशी उभी,
विचारत होती, यातला माझा कोणता?
अकरा दिवस मी आणि होग्नी
ओळीला ओळ जुळवत बसलो.
कोणत्या ओळीवरून भांडलो ते आता आठवत नाही.
तेव्हापासून तो कामापुरतं बोलतो.

साक्षीदाराला जागा मिळाली
उत्तरेच्या गावात, शाळेच्या अडगळीत,
फाटक्या फुटबॉलच्या जाळ्या आणि
हवा न धरणारा एक अकॉर्डियन यांच्यामध्ये.
तळहाताएवढी डबी.
शाळेची राखण करणारा टुम्मास म्हणाला,
यात रुग्णांची नावं असतील?
एकही नाही. आजार नाही, औषध नाही, पत्ता नाही.
कोणाचा आवाज पोचला, एवढंच याला कळतं.
मग याच्या शब्दाला किंमत काय?
मी म्हटलं, तेवढीच.
त्यानं डबीवर जुना टॉवेल घातला, धूळ बसू नये म्हणून.
मी तो काढला. यंत्राला श्वास लागतो.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री वारा
दारं वाजवत नव्हता, दारं मागत होता.
दोन वाजून चाळीस मिनिटांनी तार गेली,
आमच्या बाजूचा मनोराही आडवा झाला.
माझं यंत्र विचारत राहिलं.
क्लाक्सविकचा आवाज डबीपर्यंत पोचला: दोन मतं.
माझ्याकडे एक, माझंच स्वतःचं.
जास्त काम आमच्याकडे होतं. कलम नऊ
कामी आलं नाही; एकट्याला सवलत कसली?
बहुमत नाही हे कळल्यावर त्यानं
कुणाला न विचारता
स्वतःची वीज कापून घेतली.

पंखे थांबले.
नऊ वर्षांत ती खोली मी गप्प ऐकली नव्हती.
कुठेतरी नळ गळत होता, आणि तो
केव्हापासून गळत होता कोण जाणे.

क्लाक्सविकच्या वॉर्डात परिचारिका सोल्वा
मात्रा टाकता टाकता थांबली. कर्सर चौदा सेकंद लुकलुकला.
तिनं थर्मासातली कॉफी ओतली, आणि पुढचा आकडा टाकला.
आमच्या मजल्यावर कागद निघाले, पेनं निघाली,
अर्धी पेनं वाळलेली.
शिव्या खाल्ल्या मी. पण त्या रात्री
कुणीही एकाचे दोन झालं नाही.

पहाटे फोन सुरू झाला.
होग्नी म्हणाला, इथं सगळं उभं आहे.
मग थांबून म्हणाला, बोटींच्या शेडचं छप्पर उडालं,
बापाची बोट उघडी पडलीय,
आणि तिच्यात एक मेंढी जाऊन बसलीय,
उठतच नाही.
आम्ही मेंढीबद्दल बराच वेळ बोललो.

दुपारी मी यंत्र पुन्हा सुरू केलं,
लगेच कामाला नाही, आधी बाजूला ठेवलं,
गेलेलं सगळं त्याला वाचून होईपर्यंत.
कलम बाराची रिकामी ओळ समोर आली. कारण?
मी लिहिलं: वारा.
खोडलं.
लिहिलं: मनोरा पडला.
तेही खोडलं, आणि उभ्या उभ्याच टाइप केलं:
ऐकू येत नव्हतं, म्हणून थांबलो.